थांबवायचे राहून गेलेले घड्याळ

या, असे पुढे सरकून बसा. मागच्यांनीही या, जागा आहे. देवाने ज्यांना गळा दिला त्यांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या. आज, ज्याला गळा नाही, नुसते कान आणि हात मिळाले, अशा एकाची सांगतो. आणि हळू सांगतो, म्हणून जवळ या म्हटले.

"ही म्हातारी नदीवर उभी आहे की स्वयंपाकघरात?" मामींनी विचारले.

ही गोष्ट ज्यांची, त्या काटेमामांच्या टेबलावर टेपचे स्पूल फिरत होते. त्यातून एक पुरुषी आवाज गात होता, मध्येच बोलत होता. वादळात नदीकाठी उभी राहून एक म्हातारी नावाडीण पलीकडच्या काठावरच्या देवाला हाका मारते, असा प्रसंग होता. शब्द हाकांचे होते, पण हाका मात्र शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तशा येत होत्या.

टेप घेऊन आलेली बाई खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती हसली नाही. म्हणाली, "तेच तर, मामी. मला वाटायचं, हे असंच असतं."

ती कथेकरीबुवांची लेक. बुवा म्हणजे गाऊन प्रवचन करणारे. पन्नास वर्षे त्यांनी प्रार्थनागृहात उभे राहून देवाच्या गोष्टी गायल्या. ते हाक द्यायचे तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, आणि कुजबुजायचे तेव्हा पाचशे माणसे एकदम पुढे वाकायची. त्या पाचशेंत मीही वाकलेलो आहे, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशात दुखणे निघाले आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकले. तेव्हापासून बुवांजवळ एक पाटी आणि खडू.

आवाज साठवून ठेवायचा त्यांना तिटकारा होता. आयुष्यात एकदाच, एकतीस वर्षांपूर्वी, ते ध्वनिमुद्रण-केंद्रात जाऊन बसले होते. बेचाळीस मिनिटांची ती एकच टेप. स्वतः त्यांनी ती कधी ऐकली नव्हती. लेकीने मात्र तिची पारायणे केली, इतकी की पूर्वी प्रत्यक्ष ऐकलेले बुवा त्यांखाली पुसून गेले. पाटीवर खडूने प्रवचन शिकवता येत नाही, म्हणून ती टेपवरून शिकली. बुवा जिथे श्वास घेत तिथेच तिचा श्वास.

गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा बापाच्या जागी उभी राहिली. पहिल्या रांगेत बुवा. नावाडीण हाका मारून मारून थकते, पलीकडून उत्तर येत नाही, ती नावेत बसून डोळे मिटते. आणि मग तिच्या अगदी कानाशी कुणीतरी म्हणते, "मी इथेच आहे, बाई." सगळे प्रवचन त्या एका वाक्यासाठी. लेकीने ते वाक्य टेपवर होते तसेच म्हटले, हाकांच्या आवाजातच. बुवांनी तोंड फिरवले.

घरी गेल्यावर पाटीवर लिहिले, "हळू." तिने सगळेच हळू म्हणून दाखवले. बुवांनी नकारार्थी मान हलवली. शेवटी तिने पुरावा म्हणून टेप लावली. बुवांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि लिहिले, "हा मी नव्हे. जाळून टाक."

"मग मी तरी कोण, मामा?" ती म्हणाली. "मी यावरच शिकलेय. टेप खोटी असेल तर माझंही सगळं खोटं. एक महिन्याने मला परत उभं राहायचंय. बाबांच्या छातीचं काही खरं नाही, डॉक्टर म्हणतात फार पुढचं बोलू नका. त्यांना ते वाक्य एकदा माझ्या तोंडून बरोबर ऐकू जायला हवं. नाहीतर मी उभीच राहणार नाही, ठरवलंय मी."

मामांनी यंत्र बंद केले. काच पुसायचे निमित्त करून चष्मा काढला.

"टेप जुनी झालीय," ते म्हणाले. "होतं असं. ठेवून जा. बघतो."

मामींच्या हातातल्या विणकामाच्या सुया क्षणभर थांबल्या आणि पुन्हा चालू लागल्या.

लेक गेल्यावर मामी म्हणाल्या, "टेप जुनी झाली की हाक आणि कुजबुज सारखी होते, हे मला एवढ्या वर्षांत सांगितलं नाहीत कधी."

भिंतीवर मामांचे निवृत्तीचे मानपत्र होते, चौकटीत बसवलेले. त्यात लिहिले होते की तीस वर्षांच्या सेवेत यांनी काटा एकदाही लाल रेषेला लागू दिला नाही. त्यावरूनच तर ते सगळ्यांचे काटेमामा झाले होते. पुढे मामीही त्याच नात्याने सगळ्या गावाच्या मामी.

हे काट्याचे प्रकरण समजून घ्या, म्हणजे पुढचे कळेल. आवाज मुद्रित करताना यंत्रावर एक काटा हलतो. आवाज फार वाढला की काटा लाल रेषेत जातो आणि आवाज फाटतो. फार उतरला की टेपच्या खरखरीत बुडतो. म्हणून मुद्रण करणाऱ्याने बटणावर हात ठेवून बसायचे. गाणारा चढला की हाताने उतरवायचे, उतरला की चढवायचे. केंद्राचा तसा नियमच होता. मामांचा हात त्यात इतका तयार की गाणाऱ्याने श्वास घेतला की यांच्या बोटांना पुढचे कळे. त्या दिवशी काचेपलीकडे बुवा आभाळाएवढे चढत होते आणि काचेअलीकडे मामांचा हात त्यांना खाली आणत होता. बुवा कुजबुजले तेव्हा त्याच हाताने ती कुजबुज उचलून हाकांच्या रांगेत बसवली. वरून केंद्रातली एक पेटी उरलासुरला चढउतार दाबून टाकी. टेपचा दोष नव्हता. सगळे नियमाप्रमाणे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी कपाटाच्या तळातून एक लोखंडी खोका ओढून काढला. त्याच दाबणाऱ्या पेटीचा हा जोडीदार, एक्स्पांडर. दाबलेला आवाज परत उलगडणारा. केंद्राने भंगारात टाकला तेव्हा मामांनी तो घरी आणला होता, आणि मामी त्याला इतकी वर्षे 'माझी सवत' म्हणत आल्या होत्या.

"बाहेर आली का बाई?" मामी म्हणाल्या. "चांगली जाड झालीय."

सवतीची प्रकृती मात्र तोळामासा होती. कंडेन्सर सुकलेले, बटणे फिरवली की करकर, आणि काचेच्या चार व्हॉल्व्हपैकी एक गेलेला. मामांनी आठ दिवस मान वर केली नाही. कंडेन्सर एकेक काढून बदलले, बटणे उघडून धुतली, वाळवली. हात थरथरायचा, सोल्डर भलतीकडे टपकायचे. मग डावा हात टेबलावर दाबून त्यावर उजवा टेकवायचा आणि पुन्हा सुरुवात. व्हॉल्व्हसाठी त्यांनी ओळखीची तीन दुकाने पालथी घातली. एका दुकानदाराने तर विचारले, मामा, हे बल्ब कुठल्या दिव्याचे?

नवव्या दिवशी ते हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते. मामी उठल्या, आतल्या खोलीतून लग्नातला रेडिओ घेऊन आल्या आणि त्याची पाठ उघडून समोर ठेवला. कोपऱ्यात तसाच व्हॉल्व्ह होता.

"अगं, हा चालू आहे अजून."

"सवतीला माहेरचा दागिना द्यायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं," मामी म्हणाल्या. "काढा. परत बसवायचा मात्र."

यंत्र तापले, व्हॉल्व्ह लालसर झाले. मामांनी टेप त्यातून लावली. पेटीने दाबलेले पेटीने थोडे सोडवले. पण हाताने केलेले तसेच राहिले. यंत्राला काय कळणार? त्याला एवढेच ठाऊक की मोठे असेल ते आणखी मोठे करायचे आणि लहान असेल ते आणखी लहान. हाक आणि कुजबुज एकाच मापाची झाल्यावर त्याने ओळखायचे कसे? हाताने केलेले हातानेच उलगडायला हवे होते. आणि एकतीस वर्षांपूर्वी हात कुठे किती फिरला हे कोण सांगणार?

"तुमच्या त्या नावाडिणीच्या घरात घड्याळ आहे का हो?" मामींनी विचारले.

"कसलं घड्याळ?"

"हे काय. टिकटिक चाललीय मागे."

मामांनी कानावरचे यंत्र सारखे केले. पंच्याहत्तरी उलटली तशी त्यांच्या कानांनी बारीक आवाज सोडून दिले होते. पाखरे गेली, चमच्यांचा किणकिणाट गेला. टिकटिकही ऐकू येईना. पण ते कुठले घड्याळ, हे त्यांना लख्ख आठवले.

मुद्रणाच्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ होते. मुद्रणाआधी ते थांबवायचे हा दुसरा नियम. त्या दिवशी बुवा आले, बसले आणि कुणाला काही न सांगता त्यांनी डोळे मिटले. घड्याळाकडे जायचे तर त्यांच्या अगदी समोरून जावे लागणार. मामांचे पाऊल उचलेना. देवापुढून आडवे जायचे कसे, असे काहीतरी त्यांना वाटले. घड्याळ चालू राहिले. साहेबांनी नंतर चौघांदेखत फैलावर घेतले. तीस वर्षांतला तो एकच ठपका, आणि तो मामांना मानपत्रापेक्षा जास्त पाठ होता.

"सारखीच आहे का टिकटिक?" त्यांनी विचारले.

मामींनी डोळे मिटून ऐकले. "नाही. तो ओरडतो तेव्हा घड्याळ लांब जातं. आता हे हळू म्हणायचं वाक्य आलं ना, तर घड्याळ पार माझ्या मांडीवर."

मामांनी टेबलाची कड धरली. घड्याळ तर भिंतीवरून हललेले नव्हते, त्याचा आवाज बेचाळीस मिनिटे एकाच मापाचा होता. तो लांब गेला तिथे मामांच्या हाताने सगळेच खाली आणले होते. तो जवळ आला तिथे वर नेले होते. त्यांच्या हाताची सगळी चाल ते घड्याळ ठोके देत सांगत होते.

मग दोघांचा उद्योग सुरू झाला. मामींच्या कानावर हेडफोन, मामांच्या हाती बटण. सुरुवातीला, बुवा बोलायच्या आधी, नुसते घड्याळ वाजत होते. ते माप मामींनी मनात धरायचे आणि पुढे प्रत्येक ठिकाणी टिकटिक त्या मापाला येईपर्यंत सांगत राहायचे. वर. अजून. जास्त झालं, थोडं खाली. बास. गाण्याच्या भरात घड्याळ झाकले जाई, तेव्हा बुवांच्या दोन श्वासांमधली फट शोधायची. मामा लांब कागदावर खुणा करत. एक्स्पांडरचे बटण जास्त फिरले की मामी म्हणत, "घड्याळाला दम लागलाय, धापा टाकतंय," आणि मामा ते मागे घेत. बेचाळीस मिनिटांना पाच दिवस लागले. कागद टेबलावरून जमिनीवर उतरला, तिथून दारापर्यंत गेला. मामी तो ओलांडून चहा आणत.

आता एकदाच सलग वाजवायचे, कागदाप्रमाणे बटण फिरवायचे आणि नव्या टेपवर उतरवून घ्यायचे. एवढेच राहिले होते.

पण हात ऐकेना. बुवा चढू लागले की कागद म्हणे 'वर', काटा लाल रेषेकडे धावे आणि मामांचा हात आपोआप खाली येई. तीस वर्षांची सवय. पहिल्या दिवशी दोनदा मोडले, दुसऱ्या दिवशी दोनदा. मामा स्वतःच्या मनगटावर चिडले. जेवताना उजव्या हाताकडे असे बघत की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. पण सोडून देऊ, असे एकदाही म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठले, टेप मागे फिरवली आणि पहिल्यापासून लावली.

मामींनी अर्धवट विणलेला मोजा सुयांवरून काढला आणि काट्याच्या काचेवर अडकवला.

"हे काय?"

"त्याच्याकडे बघायचंच नाही. आयुष्यभर त्याचं तोंड बघितलंत. आज बुवांचं ऐका."

त्या खेपेला नावाडिणीने हाक मारली तेव्हा मामांनी डोळे मिटले आणि हात वर नेला. टेबलावरचा पेला थरथरला. मामींनी हेडफोन कानांवरून ओढून काढले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आवाजाने आले की कशाने, मामांनी विचारले नाही. हात कागदाप्रमाणे चालत राहिला.

दोन दिवसांनी दोघे यंत्र घेऊन बुवांच्या घरी गेले. उचलून आत न्यायला लेक धावली. बुवा खाटेवर उशांना टेकून बसले होते. गळ्याभोवती पांढरा रुमाल, मांडीवर पाटी. शरीर एवढेसे झाले होते, डोळे मात्र तेच. टेप बघून त्यांनी कपाळाला आठी घातली.

मामांनी यंत्र लावले, स्पूल चढवले, पण चालू केले नाही. येताना रस्ताभर मामी काही बोलल्या नव्हत्या, आणि ते न बोलणे मामांना पुरेसे कळले होते.

"पोरी, मी तुला खोटं सांगितलं," ते म्हणाले. "टेप जुनी होऊन बिघडली नव्हती." मग बुवांकडे वळले. "बुवा, तुमची हाक मी खाली आणली होती. कुजबुज मी चढवली होती. काटा लाल रेषेला लागू नये म्हणून. तुम्ही म्हणता हा मी नव्हे, ते बरोबर आहे. तो माझा हात आहे."

लेकीने काही म्हणायच्या आत बुवांनी खडू उचलला. त्यांचे लिहून होईपर्यंत सगळे उभे. पाटी फिरवून त्यांनी मामांपुढे धरली.

"मध्ये डोळे उघडले तेव्हा काचेतून दिसलं. तुम्ही रडत होता. तरी हात चुकला नाही."

मामांनी ते दोनदा वाचले. मग चष्मा सारखा करून म्हणाले, "घड्याळ थांबवायचं तेवढं चुकलं होतं, बुवा. त्यानेच तारलं." आणि यंत्र चालू केले.

बुवा ऐकू लागले. पहिल्या हाकेला खिडकीची काच वाजली तशी कपाळाची आठी गेली. दुसऱ्या हाकेला त्यांचा हात खाटेच्या कडेवर ठेका धरू लागला. वादळ वाढले, नावाडीण थकली, नावेत बसली. बुवांनी बोट वर करून लेकीला जवळ बोलावले. ती खाटेपाशी जमिनीवर बसली.

आज काट्यावर मोजा नव्हता. मामा बघत होते. इतका वेळ लाल रेषेपर्यंत उड्या मारणारा काटा हळूहळू खाली आला, आणखी खाली आला आणि तळाला टेकला. जेमतेम थरथरत होता. मामांना काहीच ऐकू येत नव्हते. टेप संपली की काय, असे वाटून त्यांचा हात बटणाकडे निघाला. तेवढ्यात त्यांनी पाहिले, लेक यंत्राकडे वाकली आहे, मामी वाकल्या आहेत. बुवांचे ओठ हलत आहेत, चार शब्दांपुरते.

मामांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

टेप पुढे संपली. बुवांनी पाटीवरचे तळहाताने पुसले, खडू खाली ठेवला आणि लेकीकडे बघून, आता तू म्हण, अशी मान हलवली. तिने डोळे मिटले आणि ते वाक्य म्हटले. मामांना तेही ऐकू आले नाही. त्यांनी बुवांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि वायर गुंडाळायला घेतली.

बुवा आता नाहीत. लेक त्यांच्या जागी उभी राहते, आणि नावाडीण नावेत बसते तेव्हा अख्खे प्रार्थनागृह पुढे वाकते. तुम्हीही कधी त्यात असाल. ती कुजबुज कानी आली की शेवटच्या रांगेत, दाराजवळ, एक म्हातारा माणूस ताठ बसलेला दिसतो का बघा. तो वाकत नाही, कारण त्याला ते ऐकू येत नाही. पुढची माणसे वाकली की झाले म्हणून समजतो आणि हात मांडीवर ठेवतो. देवाचे नाव घ्याल तेव्हा त्याचीही आठवण ठेवा, एवढेच मागणे.